राखराणीच्या गालावरचा रंग

राखराणी बाई वाईट होती, यात वाद नाही. गावंच्या गावं जाळायची, पूल पाडायची, तुरुंगाच्या भिंती एका फुंकरीत उडवायची आणि मागे उरलेली राख शालीसारखी अंगावर ओढून पुढच्या अंकात निघून जायची. पण दिसायला! अहो, दरोडेखोर असली म्हणून काय झालं, देखण्याला देखणं म्हणायलाच हवं. लांब मान, एका फटक्यात ओढलेलं नाक, आणि असा पायघोळ झगा की त्याची कड कुठे संपते ते शोधत बसावं. विरत विरत ती पानाच्या बाहेर जायची. तिच्यापुढे आमचा नायक पोलादवीर म्हणजे लाल चड्डी, निळं अंग आणि कपाटाएवढी छाती. भला माणूस, पण भल्या माणसाकडे दुसऱ्यांदा कोण वळून बघतं? पोरं मासिक मागायची पोलादवीराच्या नावाने आणि पान उघडायची राखराणीचं.

तिला काढायचा एक चित्रकार आणि तिच्यात रंग भरायची त्याची बायको. मासिकाच्या कचेरीत नवऱ्याला सगळे दादा म्हणायचे, म्हणून ही वहिनी. संपादक दादांपेक्षा वयाने मोठे, तेही वहिनीच म्हणायचे. ही गोष्ट वहिनींची आहे. राखराणीची हवी असेल तर रद्दीच्या दुकानात जा, तिथे ढिगाने मिळेल.

काम कसं चालायचं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. दादा काळ्या शाईने पान काढायचे. कचेरीत त्याची जाड कागदावर एक नक्कल निघायची, मुद्दाम अगदी पुसट, म्हणजे रेघांचा रंगाला त्रास नको. ती नक्कल वहिनींकडे यायची आणि वहिनी तिच्यावर बाटलीतल्या रंगीत शाई भरायच्या. मग छापखान्यात खाली वहिनींचे रंग आणि वर दादांच्या काळ्या रेघा असं एकावर एक बसवून पान छापून निघायचं. म्हणजे नवरा-बायकोचं काम एका कागदावर कधी व्हायचंच नाही. भेट व्हायची ती थेट छापून आल्यावर. संपादक म्हणायचे, "म्हणूनच तुमचा संसार टिकला."

घरी दोन टेबलं होती आणि खिडकी एकच. रंगाला दिवसाचा उजेड लागतो, म्हणून खिडकी वहिनींची आणि भिंत दादांची. सकाळचा स्वयंपाक, धुणं, भांडी उरकून वहिनी टेबलाशी बसायच्या त्या उजेड सरेपर्यंत. मान आखडायची, मनगट ठणकायचं, पाठीत कुणी खुंटी ठोकल्यासारखं व्हायचं. उठताना त्या टेबलाला धरून "आई गं" म्हणायच्या आणि भिंतीकडून दादा न बघताच म्हणायचे, "हळू." इतक्या वर्षांत प्रेमाचे शब्द म्हणाल तर एवढेच.

पोलादवीर भरायला डोकं लागायचं नाही. लाल म्हणजे लाल, निळं म्हणजे निळं, भिंतीला रंग दिल्यासारखं काम. हात आपला चालतोय, मनात उद्याची भाजी शिजतेय. पण राखराणीचं पान आलं की वहिनी उठून तोंड धुऊन यायच्या. ब्रश नवा घ्यायच्या. आधी गालावर नुसतं पाणी, मग पातळ काळी शाई, तिच्यात तपकिरीचा एक थेंब आणि निळ्याचा एक, आणि मग कागद तिरका धरून तो ओला रंग त्याला हवा तिकडे जाऊ द्यायचा. गालाच्या हाडावर जरासा कागद कोरा ठेवायचा. "राखेत सगळं असतं हो," त्या म्हणायच्या. "लाकडाचं तांबूस असतं, कागदाचं निळं असतं. नुसतं करडं फासलं की सिमेंट दिसतं." कुणी विचारलेलं नसायचं. स्वतःशीच बोलायच्या.

आणि खरं सांगायचं तर कधीच कुणी विचारलं नाही. कौतुक व्हायचं ते दादांच्या रेघेचं. वहिनींना त्याचं काही वाटायचं नाही असं त्या म्हणायच्या. बायका असं म्हणतातच.

मग एका वर्षी मासिकाचा वर्धापनदिन झाला. छापखान्याच्याच दालनात खुर्च्या मांडल्या, यंत्रं चादरींनी झाकली आणि भाषणाला कुठल्याशा कॉलेजातल्या चित्रकलेच्या बाई आल्या. वहिनी मागच्या रांगेत पाय मोकळे करून बसल्या होत्या. भाषण म्हणजे डुलकी काढायची हक्काची संधी. पण बाईंनी पिशवीतून राखराणीचे अंक काढले आणि एकेक पान उंच धरून बोलायला लागल्या.

"सुरुवातीला ही करडी होती बघा. पण गोष्टीत तिची मुलगी मेली, आणि तेव्हापासून तिच्या अंगावर हळूहळू जांभळा रंग चढत गेलाय. मार लागल्यावर कातडी काळीनिळी होते ना, तसा. एका शब्दाने कुठे म्हटलेलं नाही की हिला दुःख झालंय. तोंडाने ती शहरं जाळायच्याच गोष्टी करते. पण हा गाल बघा, हा गळा बघा. बाई आतून मार खाऊन आलीय हे रंग सांगतो. मी माझ्या मुलांना वर्गात हीच पानं दाखवते. ज्यांनी हा रंग भरला त्यांना माझा नमस्कार."

टाळ्या पडल्या. संपादकांनी मागे वळून वहिनींना उभं केलं. वहिनी उभ्या राहिल्या, हसल्या, बसल्या, आणि दादांच्या कानाशी लागल्या, "अहो, जांभळा? कुठला जांभळा? कुणाबद्दल बोलतायत या?"

दादा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. "बोलू दे की. चांगलंच बोलतायत ना?"

"चांगलं बोलतायत, पण बाईंचे डोळे कुणीतरी तपासायला हवेत," वहिनी म्हणाल्या.

म्हणाल्या खऱ्या, पण ते भाषण त्यांच्या अंगाला अत्तरासारखं लागून राहिलं. भांडी घासताना आठवायचं, जिना चढताना आठवायचं. जांभळा तर जांभळा, बाईंना काय दिसायचं ते दिसो. कुणीतरी राखराणीचा गाल हातात धरून चार माणसांसमोर म्हणालं होतं की हे ज्यांनी केलं त्यांना नमस्कार. आयुष्यात पहिल्यांदा. वहिनींची मान त्या दिवसांत कमी दुखली, असं त्यांचंच म्हणणं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे त्या गेल्या ते वेगळ्याच कारणाने. पाहुण्यांसमोर पाणी पेल्याऐवजी पेल्याच्या शेजारी ओतलं आणि फार लाज वाटली. डॉक्टरीणबाईंनी दिवा डोळ्यावर धरला, एकदा बघितलं, पुन्हा बघितलं.

"दोन्हीकडे मोतीबिंदू. उजवा तर पिकून तयार आहे. काम काय करता तुम्ही?"

"रंग भरते."

डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ठेवला. "कसले?"

"चित्रांत. मासिकाच्या."

"अहो बाई, तुम्ही चहाच्या ग्लासातून जग बघताय आणि रंग भरताय? काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तुमचं तसं झालंय. एवढी वर्षं घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

वहिनींना पटलं नाही. पिवळं दिसत असेल तर माणसाला कळणार नाही होय? त्यांना थोडं धुकं दिसायचं इतकंच, आणि वयाला धुकं आलंच. पण उजव्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, आणि लगोलग डाव्याचीही. डाव्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी दम भरला. "डाव्याच्या आत दाब वाढतोय. तो लांबवायचा नाही. त्यात गेलेली नजर परत येत नाही, मग माझ्याकडे येऊन रडू नका."

उजव्याची पट्टी निघाली तेव्हा वहिनींना पहिली दिसली ती खाटेवरची चादर. इतकं पांढरं त्यांनी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. बाहेर आल्या तर आकाश. रस्ता ओलांडायचा सोडून त्या आकाशाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि दादांनी दंडाला धरून त्यांना पलीकडे नेलं.

घरी आल्यावर दादांचा सदरा काढायला त्यांनी कपाट उघडलं आणि म्हणाल्या, "हे कुणाचे सदरे?"

"माझे."

"तुमचे पांढरे आहेत."

"होते," दादा म्हणाले.

कपाटात निळ्या सदऱ्यांची रांग लागली होती. कुणी फिकट, कुणी गडद, एक तर चक्क शाळेच्या गणवेशासारखा. सदरे पिवळे पडतात म्हणून वहिनी दर धुण्याला नीळ घालायच्या, पिवळेपणा जात नाही म्हणून आणखी घालायच्या. वहिनी आधी हसल्या. पोटात दुखेपर्यंत हसल्या. मग हसता हसता थांबल्या, कारण माणूस नीळ बघून कुठे पोहोचतो ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. त्या तडक खिडकीखालच्या पेटाऱ्याशी गेल्या आणि राखराणीचे अंक उपसून खाली पसरले.

अगं बाई! जांभळी. वांग्यासारखी जांभळी! गाल, गळा, झगा, बोटं, सगळी. वहिनी डावा डोळा मिटून बघायच्या तर जांभळी, उजवा मिटून बघायच्या तर तीच आपली साधी राख. त्या फतकल मारून फरशीवरच बसल्या. सगळ्यात जुने अंक काढून बघितले, तिथे ती खरंच करडी होती. बाईंचं अक्षर अन् अक्षर बरोबर होतं. फक्त ज्यांना नमस्कार केला त्या वहिनी नव्हत्या. राखराणीवर दुःख चढलं नव्हतं, वहिनींच्या डोळ्यावर पडदा चढला होता. जन्मात एकदा कौतुक झालं, तेही आजाराचं.

"त्या टाळ्या मोतीबिंदूला होत्या," त्या दादांना म्हणाल्या.

"असं काही नसतं," दादा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून शाईची बाटली हलवत बसले.

त्याच आठवड्यात संपादक घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग सांगितलं की मासिक बंद होतंय. आणखी एकच अंक निघणार आणि त्यात राखराणी मरणार. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. जाताना दारात थांबून म्हणाले, "वहिनी, शेवट झोकात झाला पाहिजे हं. तोच तुमचा जांभळा. लोक त्याच्यासाठी थांबलेत."

पानं आली. डाव्या डोळ्याची तारीख कामाच्या ऐन मध्यात पडत होती. आता वहिनींपुढे काय वाढून ठेवलं होतं बघा. राखराणीला एकदाच, शेवटचं रंगवायचं होतं, आणि ती आपण रंगवतो की आपलं दुखणं रंगवतं, याचा निकाल त्याच पानांवर लागणार होता. त्यानंतर पान नव्हतं.

वहिनींनी काही जादा नकलांवर हात चालवून बघितला. आधी नव्या डोळ्याने, जाणूनबुजून जांभळा केला. निळी बाटली, लाल बाटली, समजून-उमजून, मापात. राखराणी सर्कशीतल्या विदूषकासारखी दिसायला लागली. मग म्हटलं जाऊ दे, खरी राख करू. केली. सिमेंट. मरायच्या आधीच मेलेली. वहिनींनी ब्रश ठेवला, कपाळ चोळलं. शेवटी चष्म्याच्या उजव्या काचेमागे रुमालाची घडी खोचली आणि डाव्या, म्हाताऱ्या डोळ्याने भरायला बसल्या. पाणी, काळी, तपकिरी, निळा. हात आपसूक चालला. राख झाली असं वाटलं तेव्हा थांबल्या आणि रुमाल काढला.

तीच होती. गालाखालून तो रंग असा वर येत होता की बघणाऱ्याने पाप विसरावं. शहरं जाळलेली बाई, आणि तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं. वहिनी रडल्या. आनंदाने नाही. आपण डोळस असताना जे जमत नाही ते आंधळेपणी जमतं, हे ज्याला कळतं त्यालाच ते रडू कळेल.

डोळे पुसून त्या पुढच्या नकलेकडे वळल्या आणि वैतागून म्हणाल्या, "आणि त्या नकलांच्या मशीनला काय धाड भरलीय? राखराणीच्या नाकाडोळ्यांपलीकडे रेघच उठलेली नाही. पोलादवीराची मिशी केसन् केस आलीय, आणि हिचा झगा गायब. मी तरी अंदाजाने किती भरू?"

"जुनं झालंय मशीन," दादा म्हणाले. ते उठून खिडकीशी आले होते. त्यांनी ती रंगवलेली नक्कल उचलली, हातभर लांब धरली आणि उजेडाकडे तिरकी करून बघितली. मग हळूच म्हणाले, "अशीच कर. सगळी पानं अशीच कर. डावा डोळा काय, अंक झाल्यावर करू."

वहिनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो, एक विचारू? तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"आता मूग गिळून बसू नका. मी राख म्हणून जांभळा भरतेय, हे तुम्हाला कधी कळलं?"

दादांना खोटं बोलता यायचं नाही. त्यांना फक्त गप्प बसता यायचं, आणि आता तेही जमेना.

"आधी वाटलं तू मुद्दाम करतेयस," ते म्हणाले. "मुलगी मेली तिची, म्हणून. मला फार आवडलं होतं. मग सदरे निळे व्हायला लागले."

"म्हणजे कित्येक वर्षं."

"हो."

"तुम्ही निळे सदरे घालून कचेरीत गेलात, लोक हसले असतील, आणि मला म्हणाला नाहीत, की बाई, डोळे दाखव?"

"म्हणणार होतो. दर अंकाला ठरवायचो, हा एवढा होऊ दे, मग सांगू. आणि मग तो अंक छापून यायचा..." दादांनी नक्कल खाली ठेवली. "मी जन्मभर तिला काढतोय गं. तिच्यात जीव तेव्हा आला. मला वाटायचं, तू डोळे नीट केलेस की ती जाईल."

"आणि माझा डोळा गेला असता तर?"

दादांनी नकलेचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाच्या लक्षात नाही आलं? मी म्हटलं, आमचे हे भोळे सांब, त्यांना काय कळतंय! कळत होतं तुम्हाला! बाजारातून मी शिळी पिवळी भाजी ताजी म्हणून आणायचे, तुम्ही मुकाट खायचात. मी जिन्यावर पडायचे, तुम्ही हात धरायचात. सगळं केलंत. तेवढं एक सोडून. लोकांच्या नशिबी सवत येते ती बाहेरून तरी येते. मी माझ्या हाताने रंगवून उभी केली, माझ्याच डोळ्यांचं तेल घालून!"

आवाज चढला होता खरा, पण फार वेळ चढलेला राहिला नाही. रागालाही अंगात ताकद लागते. वहिनींनी ब्रश धुतले, बाटल्यांची बुचं लावली आणि आत जाऊन पडल्या.

पुढचे दिवस घरात दोनच शब्द होते, "जेवायला" आणि "हो". वहिनींनी काम टाकलं नाही. काम टाकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पोलादवीर भरला, जळणाऱ्या इमारती भरल्या, धूर, आकाश, पळणारी माणसं, पार कुत्र्यापर्यंत सगळं भरलं. राखराणी तेवढी प्रत्येक पानावर कोरी सोडली. उजव्या डोळ्याने तिला हात लावायची छाती होत नव्हती आणि डाव्याने लावायचा नव्हता.

डाव्याच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्या पिशवी भरत होत्या. टॉवेल, पेला, साबण. पानं टेबलावर पडलेली. छापखान्यातून दोनदा निरोप येऊन गेला होता. पिशवीची चेन ओढता ओढता वहिनींचा हात थांबला.

"तारीख पुढे ढकलू का?" त्यांनी विचारलं. आवाजात ना राग होता ना लाडीगोडी. त्या फक्त दमल्या होत्या. दादा हो म्हणाले असते तर त्या खरंच बसल्या असत्या, रुमालाची घडी घालून. "थोड्या दिवसांचा तर प्रश्न. तुमची राणी पुरी होईल."

दादा उठले. त्यांनी पानं गोळा केली, एकावर एक नीट लावली, पुठ्ठ्यात घातली आणि वर सुतळी बांधली.

"अहो, राणी राहिलीय अजून."

"राहू दे," दादा म्हणाले, चपला घातल्या आणि पुठ्ठा काखेत मारून कचेरीकडे निघाले. ते परत आले तेव्हा वहिनींनी ताट वाढलं आणि "जेवायला" म्हटलं. पण त्या दिवशी पुढे "बसा" हेही म्हटलं.

डावा डोळा चांगला झाला. पट्टी निघाली, थेंब संपले, आणि एका सकाळी शेवटचा अंक घरी आला. दादांनी तो वहिनींच्या टेबलावर ठेवला आणि स्वतः भिंतीकडे न जाता खिडकीला टेकून उभे राहिले.

वहिनींनी पान उलटलं. शहर जळत होतं, नारिंगी, तांबडं, पिवळं, त्यांनी भरलेलं. त्या सगळ्या रंगात मधोमध राखराणी उभी होती ती पांढरी. म्हणजे उभी होती असं आपण म्हणायचं. एक नाक होतं. दोन डोळे होते. एका हाताची तीन बोटं होती. बाकी कागद. पुढचं पान, तसंच. शेवटचं पान, जिथे ती मरते, तिथे तर नुसत्या दोन मिटलेल्या पापण्या, आणि खाली भलामोठा पांढरा तुकडा, जिथे बाई असायला हवी होती.

"छापताना रेघा गेल्या की काय हो?" वहिनी म्हणाल्या.

"नाही."

"मग बाकीची कुठे गेली?"

"बाकीची मी काढलीच नव्हती," दादा म्हणाले. "बरीच वर्षं काढत नव्हतो."

वहिनींनी मान वर केली.

"तुला नक्कल नीट दिसत नाही हे मला असंच कळलं. एकदा तू माझी रेघ सोडून गाल भरलास. भलतीकडेच. मी चिडून छापलेलं पान बघितलं, तर तुझा गाल माझ्यापेक्षा बरा. माझी रेघ मध्ये उगीच आडवी आली होती. म्हणून पुढच्या अंकात मी गाल काढला नाही. तू भरलास. मग खांदा सोडला. मग झगा. एकेक कमी करत गेलो, आणि तू करत गेलीस."

"मला वाटायचं मशीन खराब आहे."

"वाटू दिलं. सांगितलं असतं तर तू रेघ मागितली असतीस."

वहिनी पुन्हा पानाकडे वळल्या. आता दोन्ही डोळे धुतल्यासारखे होते, त्यांना काही चुकायचं नव्हतं. रंग मोतीबिंदूचा होता, ठीक आहे, तो त्याचा त्याला लखलाभ. पण गाल? मान वळताना गळ्यावर पडणारी सावली? दमलेल्या बाईचा खांदा कुठे आणि किती खाली येतो, ते मोतीबिंदूला काय माहीत! ते त्यांनी कोऱ्या कागदावर काढलं होतं, रोज, उजेड सरेपर्यंत, आपण दुसऱ्याच्या रेघांत रंग भरतोय असं समजून.

त्यांनी त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. पापणीखालून गाल, गालावरून हनुवटी, मग गळा, खांदा, आणि झगा थेट पानाच्या कडेपर्यंत. बोट कुठे अडखळलं नाही.

"ही मी होते," त्या म्हणाल्या.

"हो," दादा म्हणाले.

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय. मासिक बंद झाल्यावर."

"हो," दादा म्हणाले.